कच्च्या लिंबूची जागा आणि इचिरो

तू दोन गोष्टी विचारल्यास. जपानी बेसबॉलपटू इचिरो सुझुकीने अमेरिकेत १९ हंगामांत मिळून ११७ होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले, तेवढे तर तगडे गडी तीन-चार वर्षांत मारतात, मग त्याला एवढं डोक्यावर का घेतलंय? आणि त्याची जपानमधली नऊ वर्षं हिशेबात धरायची की सोडून द्यायची? शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंस, "मलाही राइट फिल्डलाच ठेवतात." माझ्या मते तुझा सगळा प्रश्न त्या वाक्यातूनच आलाय, म्हणून तिथूनच सुरू करतो.

पंचवीस वर्षं पोरापोरींना सॉफ्टबॉल आणि बेसबॉल शिकवतोय. शाळेच्या संघात राइट फिल्डला, म्हणजे फलंदाजापासून लांब उजव्या कोपऱ्यात, कोण उभं असतं हे मला सांगायला नको. कच्चा लिंबू. त्या वयात बहुतेक मुलं उजव्या हाताने बॅट फिरवतात, जोर लावला की बॉल डावीकडे जातो, आणि उजव्या कोपऱ्यात अख्ख्या मॅचमध्ये चार बॉल येतात. त्यातले दोन सुटले तरी कुणाचं फारसं बिघडत नाही. म्हणून ज्याच्या हातून कॅच सुटतो त्याला तिकडे धाडायची आपल्याकडे पद्धत पडून गेलीय. मीही ते केलंय.

वरच्या पातळीवर मात्र याच्या बरोबर उलट असतं. (फलंदाज होम प्लेटवरून मारतो आणि फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस गाठत परत प्लेटला आला की एक रन.) फर्स्ट बेसवर एक रनर आहे आणि फलंदाजाने उजवीकडे सिंगल, म्हणजे एक बेस मिळवून देणारा फटका, मारली असं धर. तो रनर सेकंडवर थांबणार की थर्डपर्यंत जाणार, हे राइट फिल्डरच्या हातावर ठरतं. राइट फिल्डहून थर्ड बेस म्हणजे मैदानावरचा सगळ्यात लांबचा नेहमीचा थ्रो, साठेक मीटरचा. लेफ्ट फिल्डरला थर्ड बेस समोरच असतो, त्याचा हात थोडा कमजोर असला तरी निभावतं. म्हणून तीन आउटफिल्डरांपैकी (लांब उभ्या असलेल्या फिल्डरांपैकी) सगळ्यात दणकट हात उजवीकडे ठेवतात.

११ एप्रिल २००१, ओकलंड. इचिरोला सिॲटल मरिनर्सकडून खेळायला लागून दहा दिवसही झाले नव्हते. फर्स्टवर ओकलंडचा टेरेन्स लाँग होता. रामोन एर्नांदेझने राइटला सिंगल मारली आणि लाँगने सेकंड ओलांडून थर्डकडे धाव काढली. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, दहातल्या नऊ फिल्डरांसमोर तो आरामात पोचला असता. इचिरो पुढे धावत येऊन बॉल उचलतो, एक उडती पावली घेतो आणि हात सोडतो. बॉल कुठेही कमान घेत नाही. मधल्या कटऑफला (थ्रो मध्येच घेऊन पुढे टाकणाऱ्या फिल्डरला) लागत नाही, टप्पा पडत नाही, थेट थर्ड बेसमन डेव्हिड बेलच्या ग्लोव्हमध्ये येतो, तोही बेसच्या अगदी वर. बेलला हात हलवावा लागत नाही. लाँग घसरत येतो तो त्या ग्लोव्हवरच. समालोचकाने त्या थ्रोला लेझरची उपमा दिली, आणि 'लेझर बीम' हा शब्द जपानमध्ये इतका रुळला की आज तिथली शाळकरी पोरंही चांगल्या थ्रोला तेच म्हणतात.

हा व्हिडिओ मी दर वर्षी नव्या मुलांना दाखवतो. हात बघू नका, पाय बघा, असं सांगतो. बॉल उचलण्याच्या आधीच त्याचं शरीर थर्डच्या दिशेला वळलेलं असतं. बॉल हातात आल्यावर 'आता कुठे टाकू' हा विचार करायचा राहिलेलाच नसतो. थ्रोची ताकद खांद्यातून येते हे खरं, पण रनर बाद होतो तो वाचलेल्या अर्ध्या सेकंदात.

हा अर्धा सेकंद लक्षात ठेव. इचिरोची सगळी कारकीर्द त्यावर उभी आहे.

त्याचा जन्म २२ ऑक्टोबर १९७३ चा, नागोयाजवळच्या तोयोयामा या गावातला. वडील नोबुयुकी यांना बेसबॉलचं वेड. मुलगा सात वर्षांचा झाल्यापासून रोज दुपारी त्याला मैदानावर न्यायचे, आणि संध्याकाळी विमानतळाजवळच्या बॅटिंग सेंटरवर. तिथे पैसे टाकले की मशीन बॉल फेकतं. ठरलेला वेग त्याला लवकरच पुरेना, तेव्हा मशीनचा वेग त्याच्यापुरता वाढवून घेतला होता. सहावीत त्याने 'माझं स्वप्न' असा निबंध लिहिला. त्यात तिसरीपासून वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी ३६० दिवस आपण कडक सराव करतो, असा हिशेब दिलाय. व्यावसायिक खेळाडू होणार आणि कराराच्या वेळी दहा कोटी येनच्या वर रक्कम घेणार, हेही लिहून टाकलंय. बारा वर्षांच्या पोराचा हा निबंध जपानमध्ये आज पालक एकमेकांना दाखवतात. मला त्याची थोडी भीतीच वाटते. असे निबंध लिहिणारी शेकडो मुलं असतील, आपल्याला एकाचाच वाचायला मिळतो.

वडिलांनी केलेली एक गोष्ट मात्र शंभर टक्के कामाची होती. मुलगा मूळचा उजव्या हाताचा, फेकायचा उजव्यानेच. पण बॅटिंगला त्यांनी त्याला डावखुरा केलं. कारण साधं आहे. होम प्लेटपासून फर्स्ट बेस २७.४३ मीटरवर, उजव्या बाजूला. डावखुरा फलंदाज प्लेटच्या त्याच बाजूला उभा असतो, त्यामुळे त्याला पाऊल-दीड पाऊल कमी पळावं लागतं. शिवाय उजव्या हाताने मारणाऱ्याचं शरीर स्विंग संपताना थर्डच्या बाजूला झुकतं आणि त्याला आधी स्वतःला सावरून घ्यावं लागतं. डावखुऱ्याचं शरीर फिरताना फर्स्टकडेच निघालेलं असतं. स्विंग संपतो तिथेच पळणं सुरू होतं. इचिरोने तर दोन्हीतली सीमारेषाच पुसून टाकली. त्याचा बॉलला बॅट लागतानाचा फोटो पाहिलास तर वजन पुढच्या पायावर गेलेलं दिसेल, मागचा पाय उचलायच्या बेतात.

प्लेटवरून फर्स्टपर्यंत तो ३.७ सेकंदांच्या आसपास पोचायचा. चांगल्या डावखुऱ्या फलंदाजाला चारच्या थोडं वर लागतं. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण शॉर्टस्टॉपला, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधल्या जागी, उभं राहून बघ. साधा टप्पे घेत येणारा बॉल, नेहमी निवांत उचलून फेकायचा. आता पळणारा इचिरो असेल तर निवांत उचलणं गेलं. पुढे सरकावं लागतं, हातातून बॉल काढताना घाई होते, आणि कधी कधी फक्त घाईमुळेच बॉल निसटतो. दुसऱ्या कुणासाठी हमखास आउट असलेला बॉल याच्यासाठी हिट, म्हणजे सुखरूप बेस मिळवून देणारा फटका, व्हायचा.

शाळेत तो पिचर (फलंदाजाला बॉल फेकणारा) होता. आइकोदाई मेईदेन या हायस्कूलकडून दोनदा कोशिएनला गेला, १९९० च्या उन्हाळ्यात आणि १९९१ च्या वसंतात. कोशिएन म्हणजे जपानची राष्ट्रीय शालेय स्पर्धा, त्या दिवसांत अख्खा देश टीव्हीला चिकटलेला असतो. दोन्ही वेळा पहिल्याच फेरीत हरले. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) कोबेच्या ओरिक्स ब्लूवेव्हने त्याला चौथ्या फेरीत घेतला. म्हणजे हा भावी महापुरुष आहे असं तेव्हा कुणालाही वाटत नव्हतं. अंगकाठी सडपातळ, आणि स्विंग विचित्र.

त्या स्विंगबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या धंद्यातली शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे. दुय्यम संघातले बॅटिंग कोच केनइचिरो कावामुरा यांच्याबरोबर त्याने एक पद्धत बसवली होती. जपानी लोक तिला 'फुरिको' म्हणतात, घड्याळाच्या लंबकासारखी. पिचर फेकायला लागला की हा पुढचा पाय उचलून मागे झुलवायचा, मग पुढे टाकायचा आणि त्या झोक्याबरोबर अख्खं वजन पुढे. सगळी पुस्तकं सांगतात वजन मागच्या पायावर ठेवा, डोकं हलू देऊ नका. हा पोरगा दोन्ही नियम मोडत होता. पहिल्याच वर्षी, १९९२ ला, दुय्यम संघांच्या लीगमध्ये ०.३६६ ॲव्हरेजने पहिला आला. (बेसबॉलमध्ये दहा वेळा मारायला जाऊन तीन हिट्स मिळाल्या की ०.३००, आणि तेवढ्यावर लोक करोडपती होतात, एवढं ध्यानात ठेव.) मुख्य संघाचे व्यवस्थापक शोझो दोई यांना तो स्विंग पसंत नव्हता. १९९३ च्या जूनमध्ये त्याने हिदेओ नोमोसारख्या पिचरला कारकिर्दीतला पहिला होमरन मारला, तरी त्या हंगामाचा बराचसा काळ दुय्यम संघातच गेला. स्विंग बदल म्हटलं, याने बदलला नाही.

दोईंना खलनायक करून टाकणं सोपं आहे, सगळे तेच करतात. मला ते जमत नाही. १९ वर्षांचा मुलगा, पुस्तकाविरुद्ध खेळतोय, आणि मुख्य संघात ०.१८८ वर अडकलाय. त्या जागी मी असतो तर काय केलं असतं? मी एका मुलीची बॅटची पकड बदलायला लावली होती. दिसायला वाकडी होती म्हणून. दोन महिने ती बॉलला नुसती शिवत राहिली, मग एक दिवस मी नसताना जुन्या पकडीने खेळली आणि सहकाऱ्याने मला फोन करून सांगितलं की तिने तीन हिट्स मारल्या. पुढच्या सरावाला मी काही बोललो नाही, तीही काही बोलली नाही.

१९९४ ला ओरिक्सला नवे व्यवस्थापक आले, अकिरा ओगी. त्यांनी दोन कामं केली. पोराला रोज खेळवलं, आणि त्याचं आडनाव काढून टाकलं. सुझुकी हे जपानात इतकं सर्रास आडनाव आहे की आपल्याकडचे पाटील आठवावेत. पाठीवर फक्त 'इचिरो' लिहायचं ठरलं, तेही परकी शब्द लिहायच्या काताकाना लिपीत. एकट्याचंच नाव बदललं तर बुजेल म्हणून की काय, काझुहिरो सातो या दुसऱ्या एका खेळाडूचंही बदलून 'पंच' केलं. तो पंच सातो त्या हंगामानंतर बेसबॉल सोडून टीव्हीवर कलाकार म्हणून गाजला. ओगींची माणसांची पारख दोन्हीकडे बरोबर निघाली म्हणायची.

त्या हंगामात १३० सामने होते. जपानमध्ये एका हंगामातल्या हिट्सचा विक्रम १९१ चा, फुमिओ फुजिमुराचा, १९५० पासूनचा. इचिरोने २१० मारल्या. दोनशेच्या पुढे गेलेला तो पहिला जपानी खेळाडू. ॲव्हरेज ०.३८५. वय २०.

पुढच्या जानेवारीत, १७ तारखेला पहाटे, कोबेत भूकंप झाला. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. किल्लारीचा भूकंप त्याच्या सव्वा वर्ष आधीचा, त्यामुळे आमच्या पिढीला त्या बातम्या बघताना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. ओरिक्सने बाहीवर 'गांबारो कोबे' लिहून हंगाम खेळला. 'चल कोबे, नेट लाव' असा त्याचा साधारण अर्थ. त्या वर्षी त्यांनी पॅसिफिक लीग (जपानच्या दोन लीगपैकी एक) जिंकली, अंतिम मालिकेत याकुल्टकडून हरले, आणि १९९६ ला योमिउरी जायंट्सला ४-१ हरवून जपान सिरीज घेतली. इचिरो १९९४, ९५ आणि ९६ असा सलग तीन वर्षं लीगचा सर्वोत्तम खेळाडू. १९९५ ला त्याने २५ होमरनही मारले, हे तुझ्या होमरनच्या प्रश्नासाठी इथेच नोंदवून ठेव.

१९९६ च्या ऑल-स्टार सामन्याचा (दोन लीगच्या निवडक खेळाडूंमधल्या सामन्याचा) एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नववी इनिंग, दोन आउट, पॅसिफिक लीग पुढे. ओगींनी राइट फिल्डहून इचिरोला बोलावून पिचिंगला उभं केलं. समोर फलंदाज हिदेकी मात्सुई, देशातला सगळ्यात मोठा होमरनवाला. प्रेक्षक वेडे झाले. पण समोरच्या संघाचे व्यवस्थापक कात्सुया नोमुरा यांना हा फलंदाजाचा अपमान वाटला. त्यांनी मात्सुईला परत बोलावलं आणि त्याच्या जागी शिंगो ताकात्सुला पाठवलं, जो स्वतः पिचर! पिचर झालेला आउटफिल्डर विरुद्ध फलंदाज झालेला पिचर. ताकात्सुने शॉर्टस्टॉपकडे बॉल मारला, आउट. जपानमध्ये दोन्ही बाजूंनी आजही वाद होतात. मी नोमुरांच्या बाजूचा आहे, पण मला तो सामना बघायला आवडला असता.

सात वर्षं सलग बॅटिंगचा किताब घेतल्यावर, २००० च्या शेवटी, तो अमेरिकेला निघाला. तेव्हाची पद्धत अशी होती की जपानी क्लब खेळाडूला 'पोस्ट' करायचा आणि अमेरिकन क्लबांनी बंद पाकिटात बोली लावायची. सिॲटलने १ कोटी ३१ लाख २५ हजार डॉलर ओरिक्सला नुसती बोलणी करायच्या हक्कापोटी मोजले. जपानी पिचर त्याआधी गेले होते, नोमोने १९९५ पासून नाव काढलं होतं. पण रोज मैदानात उतरून बॅटिंग करणारा जपानी खेळाडू अमेरिकेत तोवर कुणी पाहिला नव्हता. तिकडच्या पिचरांचा वेग याला झेपेल का, हीच सगळ्यांची शंका.

आणि इथे त्याने लंबक काढून टाकला. दोईंनी सांगून बदलला नव्हता, तो स्विंग त्याने स्वतःच्या हाताने छाटला. अमेरिकन पिचरांची फेकण्याची हालचाल छोटी आणि झटपट असते, पाय उचलून झुलवायला वेळच मिळत नाही, हे त्याने ताडलं होतं. दोईंनी सांगितलेला आणि त्याने स्वतः केलेला बदल वरवर एकच. पण एकात कारण होतं 'दिसायला चुकीचं आहे', दुसऱ्यात 'समोरचा बॉल लवकर येतोय'.

सराव शिबिरात तो सगळे बॉल लेफ्टलाच ढकलत होता. मॅनेजर लू पिनेला काळजीत पडले, पोराला बॉल खेचता तरी येतो का? विचारल्यावर त्याने उजवीकडे सणसणीत मारून दाखवला आणि आता ठीक आहे ना, अशा अर्थाचं काहीतरी विचारून बाकावर जाऊन बसला, असं सांगतात. त्या हंगामात २४२ हिट्स, ०.३५०, ५६ बेस चोरले (बॉल मारला गेला नसतानाच पळून पुढचा बेस गाठला). नवोदितांचा पुरस्कार आणि सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार एकाच वर्षी, जे त्याआधी फक्त १९७५ ला फ्रेड लिनला जमलं होतं. सिॲटलने ११६ सामने जिंकले आणि १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. मग प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेरीत) न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. पुढची वीस-एकवीस वर्षं सिॲटलला प्लेऑफचं तोंड दिसलं नाही.

२००१ ते २०१० अशी दहा वर्षं सलग दोनशेच्या वर हिट्स. दहा वर्षं सलग गोल्ड ग्लोव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार). दहा वर्षं सलग ऑल-स्टार. या दहा वर्षांतलं २००४ मला सर्वांत जवळचं. एप्रिलमध्ये सुरुवात रखडलेली, आणि मग मे, जुलै आणि ऑगस्ट अशा तीन महिन्यांत प्रत्येकी पन्नास किंवा त्याहून जास्त हिट्स. जॉर्ज सिस्लरचा एका हंगामात २५७ हिट्सचा विक्रम १९२० चा होता, ८४ वर्षं जुना. १ ऑक्टोबरला इचिरोने तो घरच्या मैदानावर मोडला, पिचरच्या बाजूने मधोमध गेलेल्या एका सिंगलवर. सहकारी धावत आले. त्यांच्यातून सुटून तो स्टँडपाशी गेला. तिथे सिस्लर यांच्या मुलीसह कुटुंबीय बसले होते, त्यांना वाकून नमस्कार केला. हंगाम संपला तेव्हा आकडा होता २६२, त्यात सिंगल २२५. पाच वर्षांनी ऑल-स्टारसाठी सेंट लुइसला गेला असताना सिस्लरच्या कबरीवर फुलं ठेवून आला.

आता दुसरी बाजू, कारण तुझा प्रश्न तिथूनच येतो आणि तो चुकीचा नाही. त्याच २००४ मध्ये सिॲटल ९९ सामने हरलं. तो वॉक फार कमी घ्यायचा, म्हणजे खराब बॉल सोडून फुकटचा बेस मिळवण्यापेक्षा मारायला जायचा. आकडेशास्त्र मानणारे म्हणतात की सिंगलने एकच बेस मिळतो, होमरनने चार, तेव्हा २२५ सिंगलचं कौतुक किती करायचं. सरावात तो सहज लांब लांब होमरन मारायचा, तेव्हा मनात आणलं असतं तर वर्षाला वीस-पंचवीस त्याला जमले असते असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. १९९५ चा आकडा वर दिलाच आहे. पण त्याची किंमत म्हणून किती सिंगल गेल्या असत्या? बॅट मोठ्या कमानीत फिरवायची तर निर्णय लवकर घ्यावा लागतो आणि पुढच्या पायावर निघून पळणं संपतं. त्याचं शरीर आणि त्याचा वेग पाहता त्याने निवडलं ते बरोबर होतं, असं माझं मत आहे. वॉकच्या बाबतीत मात्र टीका मान्य. दहाएक वेळा तरी मी टीव्हीसमोर 'सोड तो बॉल' म्हणून ओरडलोय, आणि त्यातल्या निम्म्या वेळी त्याने तोच बॉल शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून टाकलाय.

२००९ चा वर्ल्ड बेसबॉल क्लासिक. जपान-कोरिया अंतिम सामना, लॉस एंजेलिस. स्पर्धाभर इचिरोची बॅट चालली नव्हती. ३-३ बरोबरी, दहावी इनिंग, दोन आउट, सेकंड आणि थर्डवर रनर. समोर कोरियाचा पिचर लिम चांग-योंग. आठ बॉल चालली ती लढत. नकोसे बॉल तो फाउल (रेषेबाहेर) करत राहिला, करत राहिला, आणि मग मधोमध सिंगल, दोन रन. जपान ५-३. मायदेशात आनंद, आणि याला पोटात अल्सर. हंगामाचे पहिले आठ सामने हुकले. तो अल्सर खाण्यापिण्यातून आला होता की खेळाच्या दडपणातून, हे मला विचारू नकोस. आणि त्याच सप्टेंबरमध्ये सलग नवव्या वर्षी दोनशे गाठून त्याने सलग आठ वर्षांचा विक्रम असलेल्या विली कीलरला मागे टाकलं. ती दोनशेवी हिट कसली होती, ओळख. इनफिल्डमधली. पळून मिळवलेली.

२०११ पासून उतरण लागली. जुलै २०१२ मध्ये सिॲटलने त्याला यांकीजला दिलं, आणि योगायोग असा की त्याच दिवशी यांकीज सिॲटलमध्येच खेळत होते. ५१ नंबर काढून ३१ घातला, समोरच्या ड्रेसिंग रूममधून बाहेर आला, हेल्मेट काढून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, आणि सिंगल मारली. त्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध तो होम प्लेटवर आउट व्हायला आला असताना कॅचरला दोनदा चुकवून प्लेटला हात लावून गेला. आपल्या खो-खोतली मुलं पाहतात तेव्हा 'हुल दिली' एवढंच म्हणतात, त्यांना त्यात आश्चर्य वाटत नाही. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकेतली अंतिम मालिका, मात्र त्याला कधीच खेळायला मिळाली नाही.

त्याच्या सामानाबद्दल दोन शब्द. बॅट मिझुनोची, गिफू प्रांतातल्या योरो गावी इसोकाझु कुबोता नावाचे कारागीर ती बनवायचे. लाकूड बराच काळ आओदामो या जपानी झाडाचं. ओलावा लागून वजन बदलू नये म्हणून बॅटा खास पेटीत ठेवायचा. जपानमध्ये असताना एकदा बाद झाल्यावर रागाने बॅट फेकली, आणि नंतर कुबोतांकडे माफी कळवली. ग्लोव्ह तो स्वतः पुसायचा, सामना संपल्यावर, रोज. कर्मचारी होते, तरी. मी आमच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "सर, क्लबचा ग्लोव्ह असेल तर?" खरं आहे, आपल्याकडे एक ग्लोव्ह तीन पोरं वापरतात. तरी पुसायला हरकत नाही.

मायामीच्या संघात असताना ७ ऑगस्ट २०१६ ला डेन्व्हरमध्ये त्याने अमेरिकेतली ३००० वी हिट मारली, भिंतीला लागलेली ट्रिपल (तीन बेसचा फटका), वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी जूनमध्ये दोन्ही देशांच्या हिट्स मिळून ४२५७ झाल्या आणि अमेरिकेतला विक्रमवीर पीट रोझ याचा ४२५६ चा आकडा मागे पडला. रोझने नाक मुरडलं. इथे तुझा दुसरा प्रश्न येतो. माझं उत्तर असं: बेरीज करून रोझच्या वर लिहू नये. जपानी लीगची सरासरी पातळी अमेरिकेपेक्षा कमी आहे, ते तिथलेही मान्य करतात. पण तो अमेरिकेत पोचला तेव्हा २७ वर्षांचा होता, आणि तिथून सुरू करून ३०८९ हिट्स, ५०९ चोरलेले बेस, ०.३११ ॲव्हरेज. जपानच्या १२७८ हिट्स या १३०-१३५ सामन्यांच्या हंगामातल्या आहेत, ॲव्हरेज ०.३५३. पहिली नऊ वर्षं फुकट गेली असं धरूनही त्याची कारकीर्द पूर्ण भरते. त्यामुळे बेरजेवर वाद घालायची मला गरज वाटत नाही. जपान सरकारने राष्ट्रीय सन्मान तीनदा देऊ केला, तिन्ही वेळा त्याने नम्रपणे नाकारला.

जानेवारी २०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंना मानाचं स्थान देणाऱ्या अमेरिकेतल्या बेसबॉल संग्रहालयासाठी) मतदान झालं. ३९४ पैकी ३९३ मतं. ज्या एका पत्रकाराने मत दिलं नाही त्याला इचिरोने घरी पिण्याचं आमंत्रण दिलं. जुलैमध्ये कूपरस्टाउनच्या समारंभात इंग्रजीत भाषण करताना सांगितलं की त्या आमंत्रणाची मुदत आता संपली.

त्याआधीचं एक राहिलं. मार्च २०१९, टोकियो डोम, सिॲटल विरुद्ध ओकलंड. वय ४५. दोन सामन्यांत एकही हिट नाही. दुसऱ्या सामन्यात आठव्या इनिंगला शेवटचा मारायला गेला, बॉल टप्पे घेत शॉर्टस्टॉपकडे गेला, आणि तो पळाला. २००४ ला तो पोचला असता. थ्रो थोडा आधी आला. नंतर मैदानातून बाहेर जाताना त्याच दिवशी पदार्पण केलेला युसेई किकुची त्याच्या गळ्यात पडून रडला. मध्यरात्रीच्या सुमारास पत्रकार परिषद सुरू झाली आणि तासाच्या वर चालली.

शनिवारी सरावाला ये तेव्हा टोपी आण, ऊन असतं. तुझा राइट फिल्डहून थर्डचा थ्रो स्टॉपवॉचवर मोजू, बॉल ग्लोव्हमध्ये आल्यापासून बेसवर पोचेपर्यंत. वीस थ्रो. पहिले दहा हाताकडे लक्ष देऊन टाक, पुढचे दहा बॉल यायच्या आधी पाय वळवून.